सेनूची पात

ऑक्टोबर लागला की माझं डोकं फिरतं. शाळेतल्या पोरांनासुद्धा हे ठाऊक झालंय. मी वर्गात शिरले की पुढच्या बाकावरची पोरं मागच्यांना खुणावतात, बाई तापल्यात, गप बसा. त्यांना वाटतं उन्हामुळे. भिवंडीतलं ऑक्टोबरचं ऊन म्हणजे विचारू नका. पत्रे तापतात, कारखान्यांच्या भिंती तापतात, लूमच्या खोल्यांतून तेलाचा आणि सुताच्या भुकटीचा कढत वास रस्त्यावर येतो. पण माझ्या रागाचं कारण ऊन नाही, दुसराच एक वास आहे. वाडा तालुक्याकडून पेंढ्याने भरलेले टेम्पो येतात आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी अडकतात. पुढचा कंटेनर सरकत नाही, हॉर्न वाजत राहतात, आणि त्या गोंगाटात ताज्या कापलेल्या भाताचा ओलसर, गोडसा वास माझ्या खिडकीतून आत येतो. चांगला वास आहे. कोणालाही आवडेल असा. मी उठते आणि खिडकी लावून घेते.

आधीच सांगून टाकते, गावाचं नाव मी लिहिणार नाही. भिवंडीहून गणेशपुरीकडे जाणारी एसटी वाटेत जिथे जिथे थांबते, त्यातलं एक गाव, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत. यात लेखिकेचा संकोच वगैरे काही नाही. मला तशी ताकीद आहे. कोणी दिली ते शेवटी सांगते.

रुकय्याचाची म्हणजे कोकणी मुसलमान घरातली, साठीला टेकलेली, नाकात मोठी चमकी घालणारी आणि डोक्यावरची ओढणी कमरेला खोचून वावरात उतरणारी बाई. तिच्या सासऱ्यांचे भिवंडीत लूम होते. ते बंद पडले, भंगारात गेले, आणि घर परत गावच्या दीड एकर भातावर आलं. मुलगा कुवेतला, मुलगी लग्न होऊन महाडला. ती मुलगी माझी विद्यार्थिनी, म्हणून माझं त्या घरी जाणं-येणं. मोठं घर आणि त्यात माणसं दोन, चाची आणि चाचा. चाचा फारसे बोलत नाहीत. बोलायचं काम त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच चाचीकडे सोपवलं असावं.

ज्या मुलांना कोणी नाही त्यांना संस्थेत डांबण्यापेक्षा एखाद्या घरात सांभाळायला द्यावं, अशी एक सोय आहे. दत्तक नाही, नुसतं सांभाळायचं. तिला सरकारी भाषेत ‘प्रतिपालकत्व’ असा दात हलवणारा शब्द आहे. चाचीच्या भाषेत ‘पोर सांभालाची’. तिचं घर मीच सुचवलं होतं. बाल संरक्षण कार्यालयात जाऊन अर्ज मीच भरला होता. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हेही कबूल करून टाकते.

मुलीचं नाव सेनोवारा. वय तेरा, असं डॉक्टरांनी दात बघून ठरवलं. तिचं गाव बर्मात. ते जाळलं गेलं तेव्हा ती दहा वर्षांची असेल. मग चालणं, मग छावणी, मग कुठलीशी होडी, मग ट्रक, आणि मग भिवंडीतल्या लूम कामगारांच्या वस्तीतली एक खोली. तिला आणणारा माणूस तिचा मामा होता की नव्हता, कोणालाच माहीत नाही. एका सकाळी तो ड्युटीवर गेला तो परत आला नाही. शेजारणींनी चार दिवस तिला जेवू घातलं आणि पाचव्या दिवशी पोलिसांना कळवलं. वस्तीतले लोक तिला बांगलादेशी म्हणाले. बालकल्याण समितीच्या कागदावर ‘निराश्रित परदेशी बालिका’ असं आलं. इथे आल्यावर तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली ती चाचीने, आणि तीही अर्धीच. सेनोवारा म्हणताना तिची जीभ वळेना. म्हणून सेनू.

ती चाचीकडे आली तो पावसाळाभर सेनू बोललीच नाही. दाराजवळ झोपायची, चपला उशाशी घेऊन. कधीही उठून पळावं लागेल, याची तयारी. जेवताना अर्धी भाकरी नाहीशी व्हायची आणि दोन दिवसांनी उशीच्या खोळीत सापडायची, मुंग्यांसकट. चाचीने आरडाओरडा केला, पण तो मुंग्यांवर. “माज चढलाय या मुंगल्यांना! पोरीच्या उशीत शिरतात!” मग तिने एक डबा आणला, झाकणाचा, आणि तो सेनूच्या उशाशी ठेवला. भाकरी ठेवायची तर यात ठेव, म्हणाली. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. आणि शिकवत असतील तर ज्यांना शिकवतात त्यांच्यापैकी एकीलाही ते करताना मी बघितलेलं नाही.

मग दसऱ्याच्या आसपास हळवं भात पिवळं झालं. हळवं म्हणजे लवकर येणारं. ते आधी कापायचं, गरवं नंतर. चाची, चाचा आणि दोन मजूर बायका वावरात होते. मी बांधावर उभी होते, शाळेला सुट्टी होती. सेनू माझ्या शेजारी उभी होती, नेहमीसारखी गप्प. बघता बघता ती खाली उतरली. चिखल अजून सुकला नव्हता. तिने एका बाईच्या हातातला विळा मागितला. मागितला म्हणजे नुसता हात पुढे केला. आणि वाकली. डाव्या हातात मूठभर भात, विळ्याची एक ओढ, मूठ बाजूला, पुन्हा पुढची मूठ. खर्र, खर्र, असा आवाज. मान एकदाही वर नाही. त्या बाया बघतच राहिल्या.

“बाई, पोरीला भात कापाला येतंय गो!” चाची ओरडली. तिचा तो आनंद! जणू पोरगी पहिली आली होती.

येणारच. ती भाताच्याच मुलखातली. आपण तिला निराश्रित म्हणत होतो, परदेशी म्हणत होतो, मी तिला मुळाक्षरं गिरवायला लावत होते, आणि तिला काय येतं हे चार महिन्यांत आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. त्या दुपारी तिने भारे बांधले. आमच्याकडे पेंढ्याचा पीळ घेऊन एक वेढा देतात आणि टोक खोचतात. तिने दोन मुठी पेंढा कणसाकडून जोडला, पीळ दिला, दोन वेढे घेतले आणि टोक खालून वर काढून दाबलं. चाचीने तो भारा उचलून आपटून बघितला. सुटला नाही. “ही गाठ कंची?” चाचीने विचारलं. सेनू म्हणाली, “माँ की.” चार महिन्यांतले तिचे ते पहिले शब्द. माझ्या पाठ्यपुस्तकातून आलेले नव्हते ते.

कापणीला माणसं ओळीने लागतात, आणि प्रत्येकाने समोरचा जो पट्टा कापायचा तो त्याची पात. पाहुण्याला पात देत नाहीत. पाहुण्याने बांधावर बसायचं, चहा प्यायचा. मजुराला पात मिळते, पण ती रोजच्या रोज बदलते, मुकादम दाखवेल ती. घरच्या माणसाची पात मात्र ठरलेली असते. चाचाची विहिरीकडची, चाचीची मधली, मुलगा होता तेव्हा त्याची शेवटच्या बांधालगतची. संध्याकाळी चाचीने ती शेवटची पात सेनूला दाखवली. म्हणाली, “ही तुजी. दरसाल तुजी.” सेनूला किती कळलं कोण जाणे. पण त्या रात्री तिच्या चपला दाराबाहेर होत्या. चाचीने मला दुसऱ्या दिवशी फोन करून हे सांगितलं.

पुढच्या वर्षभरात ती मराठी शिकली. माझ्याकडून पुस्तकातली आणि चाचीकडून शिव्यांसकट. जिंकली चाचीची. मी ‘आहे’ म्हण म्हणायचे, ती ‘हाय’ म्हणायची आणि हसायची. माझ्या शाळेत सातवीच्या वर्गात बसायला लागली. एकदा निबंधात तिने लिहिलं होतं की माझ्या चाचीचा आवाज एवढा मोठा आहे की बगळे उडतात. मी दहापैकी आठ दिले, दोन शुद्धलेखनाचे कापले. आता ते दोन द्यावेसे वाटतात.

मग आली दुसरी सुगी.

कार्यालयातून चाचीला फोन आला, मंगळवारी पाहणीला येतोय. मुलगी कशी ठेवली आहे ते बघायला. चाची घाबरली. तिने मला विचारलं, बाई, काय करू? घर सारवून घेऊ? मटण आणू? मंगळवारी कापणी हाय, बंद ठेवू का?

आणि मी, मराठीची शिक्षिका, अर्ज भरणारी, सगळं समजणारी, मी म्हटलं, “काही बंद ठेवू नका. नेहमीसारखं चालू दे. त्यांना दिसलं पाहिजे की सेनू परकी नाही, घरचीच आहे.”

चाचीने ते अक्षरशः पाळलं. तिच्या जगात घरचं असण्याचा याहून मोठा पुरावा नव्हता. कार्यालयाची मॅडम गाडीतून उतरून बांधावर आली तेव्हा सेनू तिच्या पातीवर होती. ओढणी कमरेला खोचलेली, चाचीसारखीच. डाव्या करंगळीला चिंधी, त्यात हळद. करंगळी कापली नाही असा कापणारा या भागात सापडणार नाही. माझ्याच शेजारच्या आजी ऐंशीच्या आहेत, त्यांच्या करंगळीवर अजून तो पांढरा वण आहे. पण मॅडम शहरातली. तिने चिंधी बघितली.

“ही रोज करते का हे?” तिने विचारलं.

“रोज?” चाची हसली. “रोज कापाला भात हाय कुठं? सुगी हाय तोवर कराचं. पण हात बगा तिचा! असा हात कुनाचा चालत न्हाय. औंदा मजूर लावाची गरजच न्हाय पडली.”

हे कौतुक होतं. आमच्याकडे लेकीसुनेचं कौतुक असंच करतात, कामावरून. आणि मी काय केलं? मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी हसून भर घातली, “खरंच हो मॅडम, दोन माणसांचं काम एकटी करते.” मॅडमने पेन काढलं. वहीत लिहिलं. फोटो काढला. मग ओटीवर बसून तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली, दुसरी भाकरी मागून घेतली, चाचीच्या हाताला चव आहे म्हणाली, आणि गेली.

दोष तिचा नव्हता, व्यवस्थेचा होता, असं म्हणायची आपल्यात पद्धत आहे. मी नाही म्हणणार. तिचा होता. ती भाकरी खाताना सेनू तिच्या शेजारी बसून पाणी वाढत होती. एक प्रश्न विचारायचा होता तिला, पोरी, तुला इथे बरं वाटतं का? तोंडात घास होता म्हणून राहिला असेल.

अहवालात खोटं एक अक्षर नव्हतं. माझा सगळ्यात जास्त राग त्यावर आहे. बालिकेच्या हाती धारदार अवजार आढळले. बालिकेच्या हातास जखम आढळली. पालक स्त्रीने मजुरांऐवजी बालिकेकडून काम करून घेत असल्याचे स्वतः सांगितले. स्थानिक शिक्षिकेने त्यास दुजोरा दिला. ती शिक्षिका मी. तो कागद मला नंतर दाखवण्यात आला, सही करायला. केली नाही. सही न करून फरक काय पडतो, तेही मला तेव्हाच कळलं.

बालमजुरी मला कोणी शिकवू नये. माझ्या वर्गातली निम्मी पोरं पहाटे लूमसाठी सुताच्या कांड्या भरून शाळेत येतात. केसांत सुताची भुकटी घेऊन बसतात आणि दुसऱ्या तासाला झोपतात. मी त्यांच्या मालकांच्या दारात जाऊन भांडले आहे. एका मालकाने मला चहा पाजून हात जोडले, बाई, पोरगं नाही आलं तर त्याचा बापच त्याला मारेल. त्या पोरांसाठी कधी कोणाची गाडी आली नाही. कोणी त्यांचे फोटो काढले नाहीत. ती पोरं कोणाच्या फाईलीत नाहीत ना! ज्या पोरीची फाईल होती, तिचंच हित बघायचं होतं.

चाचीला जिल्ह्याच्या ठिकाणी समितीपुढे बोलावलं. ती ईदचा ड्रेस घालून आली, हातात पोह्यांची पिशवी. नव्या भाताचे पोहे, साहेबलोकांसाठी. चाचा दाराबाहेर बसले. टेबलामागे तिघं होती. त्यातल्या एकाने विचारलं, तुम्ही मुलीला कामाला लावत होतात का?

“हो तर,” चाची म्हणाली. “घरातली पोर हाय. माज्या पोरीला पन लावलं. मला माज्या सासूनं लावलं.”

मी मधे पडले. म्हटलं, साहेब, ते काम वेगळं. मला सांगितलं, बाई, तुम्हाला विचारलेलं नाही.

मग सेनूला आत आणलं. अहवाल गेल्यावर कार्यालयाची गाडी येऊन तिला घेऊन गेली होती, आठवडाभर ती संस्थेत होती. केस कापलेले, अंगात कोणाचा तरी ढगळ फ्रॉक. तिने खोलीत एकदाच नजर फिरवली, टेबल बघितलं, टेबलामागची माणसं बघितली, चाचीचा चेहरा बघितला. आणि तिला काय समजायचं ते समजलं. तुझ्याकडून शेतात काम करून घेतलं का, असं विचारल्यावर ती स्वच्छ मराठीत, माझ्या पुस्तकातल्या मराठीत म्हणाली, “नाही. मी कधीच विळा धरलेला नाही.”

करंगळीवरची जखम अजून सुकली नव्हती.

तिला कोणी शिकवलं नव्हतं. टेबलामागच्या माणसांनी विचारलं की नाही म्हणायचं, आपल्या माणसांना वाचवायचं असेल तर नाहीच म्हणायचं, हे ती आमच्याकडे येण्याआधीच शिकली होती. पण कागदावर काय आलं? बालिका खोटे बोलत आहे, तिच्यावर दबाव असण्याची शक्यता आहे, सबब बालिकेच्या सर्वोत्तम हितासाठी तिला संस्थेतच ठेवण्यात यावे. सर्वोत्तम हित! हे शब्द मी तेव्हापासून फळ्यावर लिहू शकत नाही. चाचीने तिथेच टेबलावर पोह्यांची पिशवी ठेवली आणि म्हणाली, मग मी काय खोटं बोलली काय? खरं बोलली तर पोर नेता, खोटं बोलली तर पोर नेता? शिपायाने तिला दंडाला धरून बाहेर आणलं. पिशवी आतच राहिली. खाल्ले असतील त्यांनी पोहे.

चार सुग्या झाल्या त्याला.

पहिल्या वर्षी मी दोनदा संस्थेत गेले. पहिल्यांदा भेट मिळाली, दहा मिनिटं, मधे एक ताई बसलेली. सेनूने विचारलं, गरवं झालं का कापून? मी म्हटलं झालं. ती म्हणाली, माझी पात कोणी कापली? मी थाप मारली, चाचाने. दुसऱ्यांदा मी चाचीने दिलेले पोहे घेऊन गेले तर दारावरच सांगितलं, बाहेरचं खाणं चालत नाही, आणि जुन्या कुटुंबाशी संपर्क मुलीच्या हिताचा नाही. पुढच्या वर्षी तिला दुसऱ्या जिल्ह्यात हलवलं. कुठे, ते सांगता येत नाही म्हणाले. मी अर्ज केले, ते कपाटात ठेवले गेले असतील. त्या कार्यालयातली कपाटं मी बघितली आहेत. लोखंडी, हिरवी, वर फायलींचे गठ्ठे पंख्याला लागतील एवढे उंच. त्यातल्या प्रत्येक गठ्ठ्यात एखादी पोर असेल, या विचाराने मला तिथे उभं राहवत नाही. मी बाहेर येते आणि रिक्षावाल्यावर ओरडते.

थाप मारली म्हटलं ते खरं. चाचाने कापली नव्हती. सेनूची पात कोणीच कापली नव्हती. चाचीने सगळं वावर कापलं, झोडणी केली, पेंढा रचला, आणि शेवटच्या बांधालगतचा तो पट्टा उभा ठेवला. पाखरं आली, दाणे गळले, उंदरांनी बिळं केली. चाचा म्हणाले, खुळी झालीस काय, एवढं धान्य घालवतेस. ती म्हणाली, तुमी गप बसा. शेवटी थंडी पडल्यावर, कणसांत काही उरलं नाही तेव्हा, तिने एकटीने ती पात कापली आणि गाठ मारली ती सेनूच्या आईची. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षीही. आता त्या वावरातले सगळेच भारे त्या गाठीने बांधलेले असतात. बर्मातल्या कुठल्या जळलेल्या गावातल्या बाईची ती गाठ, आणि गणेशपुरीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही बसमधून ती दिसते. दिसून करायचं काय, म्हणा.

या वर्षी गणपती गेले आणि आठ दिवसांनी मला अनोळखी नंबरवरून फोन आला.

“बाई, मी सेनू. वळ गावाला हाय मी, गोदामात.”

आवाज जाड झाला होता. पण ‘हाय’ तेच होतं. चार वर्षं संस्थेत प्रमाण मराठीत प्रार्थना म्हणून घेतल्या असतील तिच्याकडून, तरी ते ‘हाय’ टिकून राहिलं होतं.

मी त्याच दिवशी वळला गेले. गोदामांची रांग, समोर कंटेनरची रांग, धूळ एवढी की समोरचा माणूस फिकट दिसतो. दहा वर्षांपूर्वी तिथेही भातच होतं. शिफ्ट सुटली आणि फाटकातून मुलींचा लोंढा बाहेर आला. त्यातली एक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. उंच झालेली, गालफडं बसलेली, गळ्यात कार्ड. कार्डावर फोटो तिचा आणि नाव दुसऱ्याच कोणाचं तरी.

अठरा पूर्ण झाली म्हणून संस्थेने सोडलं. सोडलं म्हणजे एका कंत्राटदाराच्या हाती दिलं, ओळखीच्या. पार्सलवर स्टिकर लावायचे, खोक्यांना टेप मारायची, अकरा तास उभ्याने. राहायला जवळच दापोडे गावात एक खोली, त्यात नऊ मुली. तिच्याकडे कागद नाहीत, म्हणून कार्ड असं. उद्या कोणी विचारलं तर कार्डही खोटं आणि तीही परकी, सरळ उचलून नेतील, कुठे ते विचारायची सोय नाही. त्यांच्या फाईलीत तिच्या नावापुढे आता ‘पुनर्वसन पूर्ण’ असा शेरा आहे. तिनेच सांगितलं. सही करताना तिने वाचलं होतं. वाचायला मी शिकवलं होतं ना!

“बसाला मिळत न्हाय, बाई,” ती म्हणाली. “बाकी बरं हाय.”

तिथे रस्त्यात उभी राहून मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. चौदाव्या वर्षी आपल्या पातीवर, आपल्या माणसांत, सुगीपुरता विळा धरला तर ते शोषण. अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरीच्या नावाने अकरा तास उभी केली तर ते पुनर्वसन. लाज नाही वाटत? एका दिवसात अशी काय मोठी झाली ती? असंच काहीतरी मोठ्याने म्हणत असणार मी, कारण दोन ड्रायव्हर थांबून बघायला लागले. सेनूने माझा हात धरला आणि मला चहाच्या टपरीवर नेऊन बसवलं. मग विचारलं, “भात पिवळं झालं काय?”

गेल्या रविवारी तिची सुट्टी होती. आम्ही सकाळची एसटी पकडली. चाचीला कळवायचं नाही, असं तिनेच बजावलं होतं. गावच्या फाट्यावर उतरलो, पांदीतून चालत गेलो. दवाने पायवाट ओली होती. वावर निम्मं कापून झालं होतं. जमिनीवर कापलेल्या भाताच्या मुठी पसरलेल्या, पलीकडे भारे उभे, प्रत्येकाला ती दोन वेढ्यांची गाठ. सेनू एका भाऱ्याजवळ थांबली. गाठीवरून बोट फिरवलं.

चाची मधल्या पातीवर होती. डोळ्यांवर आडवा हात धरून ओरडली, “कोन गो ती तुमच्यासंगती, बाई?”

आम्ही बांधावर जाऊन उभ्या राहिलो. चाचीच्या हातातला विळा खाली पडला. मग ती रडली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, शेजारच्या वावरातली माणसं उभी राहून बघेपर्यंत रडली. चाचा विहिरीकडून धावत आले आणि काय करावं ते न सुचून त्यांनी पाण्याची कळशीच आणून मधे ठेवली. बरंच रडून झाल्यावर चाचीने नाक पुसलं आणि सेनूच्या पायांकडे बघून खेकसली, “चप्पल काढ आदी. चिखल हाय अजून.”

सेनूने चपला काढून बांधावर ठेवल्या. “माझी पात?” तिने विचारलं.

चाचीने नुसती मान वळवली. शेवटच्या बांधालगत ती उभी होती, पिवळीधमक, वाकलेली, अजून एक दाणाही न गळालेली. या वर्षी वेळेवर आली होती सेनू.

तिने ओढणी कमरेला खोचली आणि वाकली. खर्र, खर्र. आणि मला एकदम जोर चढला. माझा तो जुनाच रोग. मी बांधावरून बोलायला लागले. आता बघ मी काय करते, समितीला पत्र लिहिते, त्या मॅडमला गाठते, पेपरात देते, कंत्राटदाराचं नाव छापून आणते, आता तू अठराची आहेस, आता त्यांच्या बापाला विचारायची गरज नाही.

“बाई,” ती मान वर न करता म्हणाली, “औंदा कोनाला काय सांगू नका.”

मागच्या वेळी त्याच बांधावरून, हसत, मीच सांगितलं होतं. तिने त्याची आठवण करून दिली नाही. गरजही नव्हती. ती एक मूठ बाजूला ठेवून पुढच्या मुठीला हात घालत होती, आणि डाव्या करंगळीवरचा वण पांढरा होऊन चांगला जुना दिसत होता.

“लिहू तरी का?” मी विचारलं. माझाच आवाज मला शाळेतल्या पोरासारखा वाटला.

“गावाचं नाव नको,” ती म्हणाली. “चाचीचं नको. माझं नको. कार्डावरचं तर नकोच.”

“मग तुझ्याविषयी लिहू काय?”

तिने पेंढ्याचा पीळ घेतला, दोन वेढे दिले, टोक खालून वर काढून दाबलं. भारा उचलून बाजूला ठेवला. “लिहा, हिनं आपली पात पुरी केली.”

“अजून अर्धी उभी आहे की.”

“करते ना,” सेनू म्हणाली, आणि वाकली.